हलगी थांबते तिथून सुरू कर

चि. सायली,



तुझा मेसेज मिळाला. आठवडाभर लोकांचे म्युझिक व्हिडिओ बघतेयस आणि तरी काही सुचत नाही, असं लिहिलंयस. सुचेल कसं? त्या दिग्दर्शकांना त्यांच्या गाण्यात जे ऐकू आलं, ते तू बघतेयस. तुला ज्याचा व्हिडिओ करायचाय ते, तुझ्या वर्गातल्या मुलांनी बांधलेलं गाणं तू किती वेळा नीट ऐकलंस, याबद्दल मात्र मेसेजमध्ये अक्षर नाही.

तू पाठवलेलं गाणं मी ऐकलं. गाव सोडून निघालेल्या मुलाचं गाणं, म्हणून तुला पन्हाळ्यावर ड्रोन उडवायचाय, धूर सोडायचाय, आणि शब्दांत पाऊस आला की पडद्यावरही पाऊस पाडायचाय. शब्दांनी सांगून झालेलं चित्राने पुन्हा कशाला सांगायचं? मला त्या गाण्यात वेगळंच काही सापडलं. दुसऱ्या अंतऱ्यात हलगी एकदम थांबते आणि नुसती बासरी उरते. बांधणाऱ्यांनी हे मुद्दाम केलंय. त्या जागी काय दिसलं पाहिजे, हे आधी ठरव. बाकीचा व्हिडिओ तिथपर्यंत पोचण्यासाठी असेल.

ऐकण्यातून चित्र कसं उभं राहतं, याचं एक उदाहरण देतो. मिशेल गोंद्री हा फ्रेंच दिग्दर्शक मूळचा ड्रमर. केमिकल ब्रदर्सच्या ‘स्टार गिटार’ या गाण्यासाठी २००२ साली त्याने केलेला व्हिडिओ म्हणजे आगगाडीच्या खिडकीतून दिसणारा देखावा, बस. ना नट, ना गायक. पण खांब, घरं, पूल, मालगाडीचे डबे, जे जे खिडकीसमोरून सरकतं ते गाण्यातल्या एकेका आवाजाबरोबर येतं. ठोका पडला की खांब, तो पुन्हा पडला की पुन्हा तसाच खांब. बघणाऱ्याला हे कळायला वेळ लागतो, आणि कळलं की नजर हलत नाही. दक्षिण फ्रान्समधल्या नीम आणि व्हालान्स या शहरांमधल्या प्रवासाचं चित्रण त्याने वेगवेगळ्या वेळच्या उजेडात केलं आणि मग संगणकावर वस्तू तालात बसवल्या. त्याआधी कुठल्या आवाजाला कुठली वस्तू, हे त्याने कागदावर मांडलं, संत्री, काटे-चमचे, पेले रांगेत ठेवून पाहिलं. कल्पना स्वस्त होती, मेहनत महाग.

तूही कागद घे. डावीकडे सेकंद लिही, उजवीकडे काय ऐकू येतं ते. मिनिटाला १०० ठोके असतील तर एक ठोका ०.६ सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात बरोबर १५ फ्रेम. एवढं माहीत असलं की संकलनाला बसल्यावर अंदाजाने कापत बसावं लागत नाही. पण म्हणून प्रत्येक ठोक्यावर कट मारू नकोस. हल्लीचे निम्मे व्हिडिओ मला त्यामुळेच बघवत नाहीत. ‘गाइड’मधलं (१९६५) ‘तेरे मेरे सपने’ बघ. विजय आनंदने ते मोजक्याच लांब शॉटमध्ये घेतलंय. दोन माणसं एकमेकांपासून दूर जातात, पुन्हा जवळ येतात आणि कॅमेरा त्यांच्या मागे राहतो. तिथे कापाकापी केली असती तर त्या दोघांमधलं अंतर दिसलंच नसतं.

पैसे नाहीत, ही तक्रार मी ऐकणार नाही. कोल्डप्लेच्या ‘येलो’ या गाण्याचं (२००० सालचं) चित्रीकरण इंग्लंडमधल्या स्टडलंड बेच्या किनाऱ्यावर सगळा बँड घेऊन करायचं ठरलं होतं. पण चित्रीकरणाच्या दिवशीच ड्रमरच्या आईचे अंत्यसंस्कार होते, हवाही बिघडलेली. शेवटी एकटा गायक भिजलेल्या वाळूतून गात चालत आला, आणि झाला व्हिडिओ. त्यातली एक युक्ती तुला फुकट वापरता येईल. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने त्याच वेगाने ओठ हलवायचे, कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर ठेवायचा. मग २५ च्या वेगाने दाखवलं की ओठ गाण्याशी जुळतात, पण केस, कपडे, चाल सगळं संथ होतं. तुझा गायक नीट पाठांतर करून आला पाहिजे, नाहीतर फजिती.

तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मात्र मला आवडलं, तू जाता जाता लिहिलेलं: एसटी सुटताना मागे राहिलेली माणसं हात हलवायची थांबतात, पण तिथून निघत नाहीत. ते तुझ्या कल्पनांच्या यादीत कुठेच नाही, आणि ड्रोन पहिल्या क्रमांकावर! हलगी थांबते तिथे हे बसतं का, ते बघ. स्टँडवर चित्रीकरण करायचं तर आधी परवानगी काढ, ऐनवेळी धावपळ नको. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांकडूनही लेखी संमती घे, मित्र असले तरी.

रविवारपर्यंत सेकंदांचा कागद पाठव. शॉटची यादी इतक्यात नको.

तुझा,
मामा