पडद्यावरचा आणि खरा मॅक्स बेअर

चरित्रपट पाहताना आपण नायक खरा आहे की नाही एवढेच पाहतो. प्रतिनायकाचे काय, हा प्रश्न मला रॉन हॉवर्डच्या ‘सिंड्रेला मॅन’ (२००५) या चित्रपटामुळे पडला.

जेम्स ब्रॅडॉक या अमेरिकन मुष्टियोद्ध्याची ही कथा. महामंदीत तो गोदीवर हमाली करतो, सरकारी मदत घेतो आणि पुढे ती परतही करतो. १३ जून १९३५ रोजी १५ फेऱ्यांच्या लढतीत मॅक्स बेअरला हरवून तो जगज्जेता होतो. हे सारे खरे आहे.

बेअरचे चित्रण मात्र खरे नाही. पडद्यावर तो प्रतिस्पर्ध्यांच्या मृत्यूची फुशारकी मारतो. प्रत्यक्षात १९३० मध्ये त्याच्याशी लढून फ्रँकी कॅम्पबेल मरण पावला, तेव्हा बेअर पार खचला होता. कॅम्पबेलच्या कुटुंबाला त्याने पैशाची मदतही केली. दुसरा मृत्यू अर्नी शाफचा. तो तर १९३३ मध्ये प्रिमो कार्नेराशी झालेल्या लढतीनंतर गेला.

स्कोर्सेसीच्या ‘रेजिंग बुल’मध्येही (१९८०) जेक लामोटाचा भाऊ व मित्र एकाच पात्रात मिसळले आहेत. पण लामोटाने १९४७ मध्ये मुद्दाम हरलेली लढत आणि त्याचे घरातील क्रौर्य झाकलेले नाही.

पात्रे एकत्र करणे ही कलेची सोय समजता येईल. परंतु खरे नाव ठेवून माणसाचा स्वभावच उलटा दाखवणे मला अन्यायाचे वाटते. बेअर १९५९ मध्येच वारला होता. त्याला उत्तर देण्याची संधीही नव्हती.