गाळातील शिरगणती

लोणंद परिसरातील शेतकऱ्याला शेतात मेंढ्यांचा वाडा बसवण्याचे मोल सांगावे लागत नाही. काही रात्री मेंढ्या बसल्या की लेंड्यांनी व मूत्राने रान कसदार होते. पुढे नत्राचा बराच भाग हवेत उडतो, पाण्याबरोबर वाहतो. स्फुरद, म्हणजेच फॉस्फरस, मात्र मातीच्या कणांना चिकटून राहतो. मेंढ्या गेल्या तरी त्यांची रासायनिक खूण उरते.

हेच तत्त्व अंटार्क्टिकाजवळच्या आर्डली बेटावर उपयोगी पडले. तेथे जेंटू जातीच्या पेंग्विनांची वसाहत आहे. त्यांची विष्ठा बर्फाच्या पाण्याबरोबर तळ्यात जाते आणि गाळाचे थर साचतात. चिनी शास्त्रज्ञांनी एका तळ्यातून ६७.५ सेंटिमीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला आणि ३,००० वर्षांतील पेंग्विनसंख्येचे चढउतार मांडले. हे संशोधन २००० साली ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

चौकस विद्यार्थी येथे विचारील, स्फुरद तर खडकातूनही येऊ शकेल! शंका रास्त आहे. म्हणूनच एका मूलद्रव्यावर विसंबून चालत नाही. स्फुरद, फ्लुओरीन, स्ट्रॉन्शियम, सेलेनियम, तांबे, जस्त अशी नऊ मूलद्रव्ये थरांमधून एकदमच वाढतात व एकदमच घटतात, असे आढळले. यातील फ्लुओरीन विशेष बोलका. पेंग्विन कोळंबीसारखे दिसणारे क्रिल खातात आणि क्रिलच्या कवचात फ्लुओरीन भरपूर असतो.

सुमारे २,३०० ते १,८०० वर्षांपूर्वी पेंग्विन फार घटले होते. कारण कडाक्याची थंडी, असे या शास्त्रज्ञांचे मत पडले. पण २०१७ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने त्याच बेटावरील गाळाचा ८,५०० वर्षांचा इतिहास प्रसिद्ध झाला. त्यात तापमानाशी पक्का संबंध दिसेना. दिसले ते राखेचे थर. डिसेप्शन बेटावरील ज्वालामुखीने ही वसाहत किमान तीन वेळा जवळजवळ नष्ट केली होती आणि ती पुन्हा नांदती व्हायला दर वेळी ४०० ते ८०० वर्षे लागली. संख्या गाळातून मिळाली, तरी कारण वेगळे शोधावेच लागते.

गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञही अंटार्क्टिकातील तळ्यांचा गाळ तपासतात. भारताचे २०१२ मध्ये सुरू झालेले ‘भारती’ केंद्र लार्समन टेकड्यांत आहे. तेथे हिम पेट्रेल व स्कुआ हे पक्षी घरटी करतात, पण खडकांतही फॉस्फेटची खनिजे आहेत. तेथील तळ्यात स्फुरद सापडला, तर तो पक्ष्यांचा की खडकाचा, हे आधी ठरवावे लागेल.