‘डॉक्टर हू’ दुसऱ्यांदा पाहताना

प्रश्न : २००५ साली ‘डॉक्टर हू’ पुन्हा सुरू झाली तेव्हापासून मी तिच्या नादी लागलो आहे. नवे सगळे भाग पाहिले, जुने मिळतील तसे पाहिले. यंदा मुलीला दाखवायच्या निमित्ताने २००५ च्या पहिल्या भागापासून परत सुरुवात केली. गंमत अशी की तेव्हा ज्यांना नावं ठेवली ते भाग आता आवडतायत, आणि डोक्यावर घेतलेल्यांपैकी काही अगदीच फिके वाटतायत. भाग तर तेच आहेत. मग बदललं कोण, मी की मालिका? आणि मुलीला खरं तर १९६३ पासूनच दाखवायला हवं होतं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : वय वाढलं की आवडनिवड बदलते, हे कोणीही सांगेल आणि ते खोटंही नाही. पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मालिकेकडेच आहे. ‘डॉक्टर हू’चे पुढचे भाग मागच्या भागांत खुशाल ढवळाढवळ करतात. २००८ सालचा एखादा भाग आज पाहिलात, तर तो तुम्ही २००८ साली पाहिलेला भाग उरलेला नसतो.

उदाहरणच घेऊ. ‘द फायर्स ऑफ पॉम्पेई’ आठवत असेल. व्हेसुव्हियस फुटायच्या आदल्या दिवशी डॉक्टर आणि त्याची सोबतीण डॉना नेमके पॉम्पेईत येऊन पडतात. कायसिलियस नावाचा संगमरवराचा व्यापारी टार्डिसची, म्हणजे डॉक्टरच्या कालयानाची, निळी पेटी कलाकृती समजून विकत घेतो. (हा कायसिलियस आणि त्याचं कुटुंब ब्रिटिश शाळांतल्या लॅटिनच्या क्रमिक पुस्तकातून उचललेलं आहे. तिकडच्या कित्येक प्रेक्षकांनी त्याच्यावर गृहपाठ केलेला, त्यामुळे त्यांना हसू फुटलं. आपल्याला तो विनोद कळायचं कारण नव्हतं.) शेवटी डोंगर फुटतो, राख कोसळू लागते आणि डॉक्टर पाठ फिरवून टार्डिसमध्ये जातो. इतिहासात ठरलेली मरणं बदलायची नाहीत, हा त्याचा नियम. डॉना रडून विनवते, गाव नको, निदान एखाद्याला तरी वाचव. तो परत येतो. घराच्या कोपऱ्यात एकमेकांना बिलगून बसलेल्या त्या कुटुंबापुढे हात करतो.

तो व्यापारी झाला होता पीटर कपाल्डी. २००८ साली तो आपल्या दृष्टीने एक चांगला पाहुणा नट, एवढंच. पाच वर्षांनी तोच बारावा डॉक्टर म्हणून निवडला गेला. (मरणाच्या दारातून डॉक्टर नवा चेहरा घेऊन परततो, तेव्हा नट बदलतो.) आणि २०१५ च्या ‘द गर्ल हू डाइड’मध्ये डॉक्टर स्वतःचं प्रतिबिंब पाहतो आणि हा चेहरा आपण का घेतला ते त्याला उमगतं : नियम मोडून कोणाला तरी वाचवलं होतं, त्याची आठवण राहावी म्हणून. आता पॉम्पेईचा तो प्रसंग परत लावा. त्या वेळचा डॉक्टर डेव्हिड टेनंट हात पुढे करतो तो स्वतःच्या पुढच्या चेहऱ्यापुढे. चित्रीकरणाच्या वेळी हे लेखकाच्या, दिग्दर्शकाच्या, खुद्द कपाल्डीच्या गावीही नव्हतं. त्याच भागात चेहरा रंगवलेली एक भविष्यवेत्ती आहे, तिच्याकडे नीट पाहा. ती कॅरन गिलन, म्हणजे दोनच वर्षांनी डॉक्टरची सोबतीण होणारी एमी पाँड. त्याचा मात्र मालिकेने काही अर्थ लावला नाही, बरंच केलं.

असला उद्योग मालिकेला सुचतो कसा, याचं उत्तर मधल्या रिकाम्या वर्षांत आहे. १९८९ च्या डिसेंबरात बीबीसीने ‘डॉक्टर हू’ गुंडाळली. १९९६ चा एक टीव्ही-चित्रपट सोडला तर पंधराहून जास्त वर्षं पडद्यावर काही नाही. पण तिच्यावर वाढलेली पोरं गप्प बसली नव्हती. कोणी डॉक्टरच्या कादंबऱ्या लिहिल्या, कोणी ध्वनिनाट्यं केली. रसेल टी. डेव्हिसने १९९६ साली अशीच एक कादंबरी लिहिली होती. पॉल कॉर्नेलची १९९५ ची ‘ह्यूमन नेचर’ पुढे २००७ साली नावासकट मालिकेत आली. स्टीव्हन मोफॅटने १९९९ साली एका धर्मादाय कार्यक्रमासाठी रोवन ॲटकिन्सनला डॉक्टर करून विडंबन लिहिलं. कपाल्डीचं तर पंधराव्या वर्षी ‘रेडिओ टाइम्स’मध्ये मालिकेचं कौतुक करणारं पत्र छापून आलेलं. २००५ साली कार्डिफमध्ये मालिका उभी राहिली ती याच मंडळींच्या हातून. घरातल्या जुन्या ट्रंका उघडायची सवय असलेली ही माणसं. त्यांना जुन्या गोष्टीतला प्रत्येक सुटा धागा माहीत होता आणि तो ओढून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं.

त्यांनी सगळ्यात मोठा धागा ओढला तो काळयुद्धाचा. २००५ चा एकलस्टनचा डॉक्टर युद्धातून परतलेला आहे. डालेकांना, म्हणजे त्याच्या जुन्या हाडवैऱ्यांना, संपवण्यासाठी त्याने स्वतःचा ग्रहही जाळला, असं आपल्याला सांगितलं गेलं. ‘डालेक’ हा भाग घ्या. अमेरिकेतल्या यूटामध्ये, जमिनीखालच्या एका अब्जाधीशाच्या खासगी संग्रहालयात, अंधाऱ्या खोलीत साखळ्यांनी जखडलेला एकुलता एक डालेक. ओळख पटताच डॉक्टर आधी दाराकडे धावतो. मग त्या डालेकाची बंदूक निकामी झालेली आहे हे कळतं, आणि एकलस्टनचा चेहरा पालटतो. तो हसतो, ओरडतो, तोंडातून थुंकी उडते. डॉक्टरची भीती वाटावी असे प्रसंग या मालिकेत थोडे आहेत, हा त्यातला सर्वांत अस्सल. आणि मग २०१३ साली, मालिकेच्या पन्नाशीच्या खास भागात मोफॅटने सांगून टाकलं की ग्रह जळलाच नव्हता. डॉक्टरने तो वाचवला होता आणि ती आठवण त्याच्याजवळ राहिली नव्हती.

हे कळल्यावर ‘डालेक’ कसा पाहायचा? माणूस न केलेल्या पापाखाली चिरडला जातोय, आणि हे फक्त आपल्याला ठाऊक आहे. काही चाहत्यांना वाटतं की यामुळे एकलस्टनच्या दुःखातली हवा गेली. मला उलट वाटतं. पहिल्यांदा पाहताना मी त्या डॉक्टरला भ्यायलो होतो, आता त्याच्याविषयी गलबलून येतं. तेरा भाग करून एकलस्टन निघून गेला, त्यामुळे हा डॉक्टर आहे तसाच थिजून राहिलाय, हेही एक कारण असेल.

आता नावं ठेवलेल्या भागांकडे येतो. तुम्ही कोणते ते लिहिलं नाहीत, पण अंदाज सांगतो : पहिल्याच भागात प्लॅस्टिकचा कचऱ्याचा डबा नायिकेच्या मित्राला, मिकीला, गिळतो आणि ढेकर देतो. २६ मार्च २००५ ला हे पाहून जुन्या चाहत्यांनी कपाळावर हात मारला. पंधराहून जास्त वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे? पण तो ढेकर आपल्यासाठी नव्हता. शनिवारची संध्याकाळ, समोरच्या वाहिनीवर हसतेखेळते कार्यक्रम, सोफ्यावर आजीपासून नातवापर्यंत सगळे. त्यांच्यातल्या कित्येकांना डॉक्टर कोण हेच ठाऊक नव्हतं. म्हणून डेव्हिसने गोष्ट डॉक्टरकडून सांगितलीच नाही. ती सांगितली दुकानात काम करणाऱ्या रोझ टायलरकडून. दुसऱ्यांदा पाहताना लक्षात येतं की पहिली काही मिनिटं नुसता तिचा दिवस आहे : गजर, बस, दुकान, जेवणाची सुट्टी. डॉक्टर येतो तो तिचा हात धरून पळायला सांगण्यासाठी. ब्रिटनमध्ये एक कोटीहून जास्त लोकांनी तो भाग पाहिला. ढेकर चालून गेला.

आणि त्याच भागात जुन्या चाहत्यांसाठी एक गुपचूप भेट होती. १९७० साली, मालिका रंगीत झाली त्या पहिल्याच कथेत, दुकानांच्या खिडक्यांतले पुतळे जिवंत होऊन रस्त्यावर येतात. काच फोडायला पैसे नव्हते, म्हणून तेव्हा नुसता काच फुटल्याचा आवाज ऐकवला गेला. २००५ साली तेच पुतळे, तशाच खिडक्या, आणि काच डोळ्यांदेखत फुटते. पस्तीस वर्षांची उधारी चुकती केली गेली.

फिके वाटणारे भाग खरोखरच फिके आहेत, त्यात तुमचा काही दोष नाही. पंतप्रधानांच्या घरात पादणारे राक्षस मला आजही सोसत नाहीत. तिसऱ्या सीझनच्या शेवटी सगळं जग एकाच क्षणी डॉक्टरचं नाव घेतं आणि पिंजऱ्यात ठेवलेला एवढासा डॉक्टर उजळून पूर्ववत होतो, तेव्हा माझे डोळे पाणावले होते. आता तो प्रसंग सुटका सुचली नाही म्हणून केलेली जुळवाजुळव वाटतो. पहिल्यांदा आपल्याला पुढे काय होणार ही धाकधूक असते, तिच्या भरात पटकथेतली भोकं बुजतात. दुसऱ्या वेळी भोकंच दिसतात. शिवाय एक साधं तांत्रिक कारण : २००९ च्या ईस्टरच्या भागाआधी ही मालिका हाय डेफिनिशनमध्ये चित्रित होतच नव्हती. आजच्या मोठ्या टीव्हीवर सुरुवातीची वर्षं धुरकट दिसतात. तो तुमच्या चष्म्याचा नंबर नाही.

आठवणीतला भाग प्रत्यक्षापेक्षा मोठा होतो याचा मोठाच दाखला याच मालिकेच्या इतिहासात आहे. साठच्या दशकात व्हिडिओ टेप महाग होती. बीबीसी जुन्या कार्यक्रमांच्या टेप पुसून पुन्हा वापरायची, पुनःप्रक्षेपणाचे करार मर्यादित असत, आणि हे कोणी घरी बसून परत पाहील ही कल्पनाच नव्हती. परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी फिल्मवर काढलेल्या प्रती तेवढ्या इकडेतिकडे उरल्या. नव्वदहून अधिक भाग गेले. (आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी जॉन एलियट यांच्यासोबत लिहिलेली ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही १९६१ ची बीबीसी मालिकाही अशीच जवळपास सगळी नाहीशी झाली.) हरवलेल्यांत १९६७ ची ‘टूम ऑफ द सायबरमेन’ होती. लहानपणी ती पाहिलेली माणसं तिच्याविषयी इतकं भरभरून बोलत की ती मालिकेतली सर्वश्रेष्ठ कथा ठरून गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये प्रती सापडल्या आणि लोकांनी पाहिलं : काही प्रसंग खरंच अंगावर येणारे, पण उचलून फेकलेल्या माणसाची तार दिसतेय, मारामारीत सायबरमॅनच्या जागी रिकामा पोशाख आहे. कित्येकांचा हिरमोड झाला. मात्र पुढे अकरावा डॉक्टर झालेला मॅट स्मिथ तयारीसाठी जुने भाग पाहत होता, तेव्हा तो नेमका याच कथेवर फिदा झाला. त्याच्याजवळ लहानपणची आठवण नव्हती, त्यामुळे हिरमोड व्हायचा प्रश्नच नव्हता.

मुलीला १९६३ पासून दाखवायला हवं होतं का, याचं उत्तर तरीही : नव्हतं. ते भाग सावकाश चालतात. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे चार-सहा भाग मिळून एक कथा होते आणि या कथा आठवड्या-आठवड्याने पाहण्यासाठीच बांधलेल्या आहेत. सलग पाहिल्या तर कंटाळा येणारच. पण तुम्ही स्वतः मात्र पहिली कथा परत पाहा. तिचा दिग्दर्शक वारिस हुसेन लखनौत जन्मलेला, तेव्हा चोवीस वर्षांचा. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्टही तिशीच्या आतलीच. २३ नोव्हेंबरला, केनेडींच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी पहिला भाग लागला आणि पुढच्या शनिवारी तो परत दाखवावा लागला. त्यातला डॉक्टर पाहून आज धक्का बसतो. विल्यम हार्टनेलचा हा म्हातारा तिरसट आहे, दोन शिक्षकांना त्यांच्या इच्छेविरुद्ध पळवून नेतो, आणि अश्मयुगातल्या जंगलात जखमी माणसामुळे उशीर होतोय म्हणून हातात दगड घेतो. शिक्षक इयान त्याचं मनगट धरतो. विश्वाचा तारणहार अशी त्याची ख्याती नंतरची. २०२० साली मालिकेने हार्टनेलच्याही आधी डॉक्टरचे अनेक जन्म होते असं जाहीर केलं. मला ते पटलेलं नाही. त्या दगडापाशी थांबलेल्या माणसाला ही पहिलीच शिकवण मिळतेय असं मानण्यात जी गंमत आहे, ती त्यामुळे जाते. तो भाग पाहताना मी २०२० विसरून जातो, तुम्हीही खुशाल विसरा.

मुलीसाठी जुन्यातल्या दोनच कथा पुरेत, त्याही नेमक्या जागी. ‘डालेक’ लावण्याआधी १९७५ ची ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ दाखवा. तीत डॉक्टर झालेल्या टॉम बेकरच्या हातात दोन तारा आहेत, त्या जोडल्या की डालेक जन्मण्याआधीच संपतील, आणि तो थबकतो. रसेल डेव्हिसने पुढे हीच मोहीम काळयुद्धाची सुरुवात धरली. त्यानंतर बंदूक घेऊन उभा असलेला एकलस्टन पाहिला की तिला काही समजावून सांगावं लागणार नाही. दुसरी कथा ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’, दुसऱ्या सीझनमधल्या ‘स्कूल रियुनियन’च्या आधी, म्हणजे डॉक्टरची जुनी सोबतीण, एलिझाबेथ स्लेडनची सॅरा जेन, मुलीला आधी तरुण रूपात भेटलेली असेल. आणि ‘ब्लिंक’ला पोचलात की तो रात्री झोपायच्या आधी लावू नका, रविवारी दुपारी लावा. आजूबाजूला पुतळे असलेल्या बागेत त्या आठवड्यात जाऊ नये हे तिचं तिलाच कळेल.