मालकाचा हुकूम आणि नोकराची जबाबदारी

नोकरी लागली की घराला आधार मिळतो आणि ज्याचे मीठ खावे त्याच्याशी इमान राखावे, हा संस्कार आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. परंतु ज्या पेढीत आपण नोकरी करतो, तिचा व्यवहारच संशयास्पद असेल तर? ‘मी केवळ नोकर, सांगितले तेवढे केले,’ हे उत्तर न्यायालयात पुरेसे ठरते काय? ग्राहक व कर्मचारी या दोघांनाही उपयुक्त अशा या प्रश्नाचा थोडक्यात परामर्श येथे घेतला आहे.

कायदा काय पाहतो?

एखाद्या कंपनीत गुन्हा घडला म्हणून तेथील प्रत्येक कर्मचारी गुन्हेगार ठरत नाही. गुन्ह्यातील प्रत्यक्ष सहभाग आणि त्यामागील जाणीव, या दोन गोष्टी कायदा प्रामुख्याने तपासतो. मात्र जाणीव म्हणजे केवळ प्रत्यक्ष माहिती नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, मालमत्ता चोरीची आहे असे माहीत असताना, किंवा तसे समजण्यास पुरेसे कारण असताना, ती अप्रामाणिकपणे स्वीकारणे वा जवळ ठेवणे हा अपराध आहे. या कलमातील व्याख्येत आता फसवणुकीने मिळविलेल्या मालमत्तेचाही समावेश आहे. म्हणजेच समोर दिसणाऱ्या गोष्टींकडे डोळेझाक करणारा मनुष्य ‘मला ठाऊक नव्हते’ एवढे म्हणून सुटेलच असे नाही.

हिशेबाच्या वह्यांबाबत तर कायद्याने नोकराचा स्पष्ट उल्लेख केला आहे. त्याच संहितेच्या कलम ३४४ अन्वये एखाद्या कारकुनाने, अधिकाऱ्याने वा नोकराने फसवणुकीच्या उद्देशाने मालकाचे हिशेब जाणूनबुजून खोटे केल्यास सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. नोंद करण्याचा हुकूम वरिष्ठाचा होता, एवढ्यानेच लिहिणाऱ्या हाताची जबाबदारी संपत नाही. खाजगी मालकाचा हुकूम म्हणजे कायद्याचा हुकूम नव्हे.

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, २००२ हा १ जुलै २००५ पासून अंमलात आला. गुन्ह्यातून आलेला पैसा लपविणे, बाळगणे, वापरणे किंवा तो निष्कलंक असल्याचे भासविणे, या कामी जाणूनबुजून साहाय्य करणाराही त्याच्या कक्षेत येतो. शिक्षा सर्वसाधारणपणे तीन ते सात वर्षांच्या सक्तमजुरीची असून जामिनाच्या अटी कडक आहेत. गुन्हा कंपनीचा असल्यास कलम ७० अन्वये तिचा कारभार पाहणाऱ्यांना जबाबदार धरले जाते. आपल्याला माहिती नव्हती किंवा आपण सर्व योग्य ती दक्षता घेतली होती, हे त्यांना सिद्ध करावे लागते.

सत्यमचा धडा

हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्सच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी हिशेबातील घोटाळ्याची कबुली दिली. ९ एप्रिल २०१५ रोजी विशेष न्यायालयाने दहा जणांना दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांत केवळ संचालक व लेखापरीक्षकच नव्हते. कंपनीचे काही माजी कर्मचारी आणि अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुखही होते. पुढे मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने अपिलाच्या निर्णयापर्यंत शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला. तथापि खटल्याचा भार, गेलेली उमेदीची वर्षे आणि समाजातील मानहानी यांची भरपाई कोणतेही अपील करू शकत नाही.

‘घरबसल्या कमाई’ची नोकरी

सामान्य कुटुंबातील तरुणांना आज अधिक धोका आहे तो वेगळ्याच नोकरीचा. ‘आमच्या ग्राहकांचे पैसे आपल्या खात्यात येतील, कमिशन ठेवून उरलेली रक्कम सांगू त्या खात्यात पाठवा,’ असे सांगितले जाते. यात काम काहीच नसते. भाड्याने घेतले जाते ते आपले खाते व आपले नाव. अशा खातेदारास बँकिंग परिभाषेत ‘मनी म्यूल’ म्हणतात. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१० मध्येच परिपत्रक काढून बँकांना याविषयी सावध केले होते. फसवणूक झालेली व्यक्ती तक्रार करते, तेव्हा तपासाचा माग प्रथम या खात्यापर्यंत पोहोचतो. खरा सूत्रधार मात्र पडद्याआड राहतो. बँक खाते ही पोलिसांना जप्त करता येणारी मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्याच्याच एका प्रकरणात १९९९ मध्ये स्पष्ट केले आहे. खाते गोठले की त्यातील कष्टाचा पगारही अडकून पडतो.

संशय आल्यास काय करावे?

नियुक्तिपत्र नसणे, पगार सदैव रोखीत मिळणे, मालाविना बिले फाडणे, कोऱ्या कागदांवर सह्या मागणे, कर्मचाऱ्यांच्या नावे खाती वा कंपन्या उघडणे, ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी पुढील पथ्ये पाळावीत :

१. शंका लेखी विचारावी व उत्तर जपून ठेवावे.
२. न समजलेल्या कागदावर सही करू नये. ‘नावापुरते’ संचालकपद स्वीकारू नये.
३. आपले खाते, एटीएम कार्ड, चेकबुक, सिम कार्ड वा ओटीपी मालकासही देऊ नये.
४. कोणी सांगितले तरी कागदपत्रे वा संगणकातील नोंदी नष्ट करू नयेत. पुरावा नाहीसा करणे हा स्वतंत्र अपराध ठरू शकतो.
५. संशय बळावल्यास वकिलाचा सल्ला घेऊन लेखी राजीनामा द्यावा. केवळ राजीनाम्याने पूर्वीची जबाबदारी पुसली जात नाही, परंतु कळूनही काम करीत राहिल्यास ती वाढत जाते.
६. खात्यात अनोळखी रक्कम आल्यास ती पुढे पाठवू नये. तत्काळ शाखेस कळवावे. सायबर आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

वेळीच व खरे बोलणाऱ्याची बाजू तपासात निश्चितच अधिक भक्कम असते. मालकाशी इमान राखणे हा सद्गुण खरा. परंतु त्या इमानाची सीमा कायद्यापाशी संपते. पगार महिनाअखेरीस मिळतो, सही मात्र जन्मभर आपलीच राहते.