कर्सर नाचायला लागला की आधी चार्जर काढा

लॅपटॉपचा कर्सर आपोआप नाचायला लागला की घरातली माणसं व्हायरसचं नाव घेतात आणि दुरुस्तीवाला मदरबोर्डचं. आम्हा अष्टागरातल्या, दर्यापासून हाकेच्या अंतरावर वाडीत राहणाऱ्या लोकांनी त्याआधी भिंतीतल्या प्लगकडे बघावं, असं मी कळकळीने सांगते.

रेवदंड्याला घरी बसून मी हिशेबाची कामं करते. नागाव-आक्षीच्या कॉटेजवाल्यांची बिलं, सुपारीच्या बागायतदारांची खाती, दर महिन्याचं जीएसटी. एका पावसाळ्यात ट्रॅकपॅडवर बोट ठेवलं की कर्सर थरथरायचा, मधेच उडी मारून पडद्याच्या कोपऱ्यात जायचा. दोन बोटांनी पान वर सरकवायला जावं, तर अक्षरंच मोठी व्हायची. बँकेच्या साइटवर एका पुरवठादाराला पैसे पाठवताना क्लिक यादीतल्या खालच्याच नावावर पडला. ओटीपी टाकण्याआधी मी नाव मोठ्याने वाचते, म्हणून दुसऱ्याच्या खात्यात जाणारी रक्कम थांबली. जीएसटीचं ३बी विवरणपत्र तर एकदा भरलं की सुधारता येत नाही. कर्सर बिघडलेला असेल तर पैशाचं कुठलंही काम त्यावर करू नका, दुसरा माउस जोडा नाहीतर काम उद्यावर टाका.

दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलायला सांगितला. तो बदलायच्या आधी काही कामाने लॅपटॉप घेऊन पनवेलला नणंदेकडे गेले, आणि तिथे तो चार्जर लावूनही सरळ चालला. घरी आणला तर पुन्हा तेच. चार्जर उपसला आणि कर्सर जागेवर आला. म्हणजे दोष लॅपटॉपात नव्हता, घरातल्या विजेत होता.

ट्रॅकपॅडच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी असते. बोट टेकलं की त्या जागी विजेचा अगदी सूक्ष्म बदल होतो आणि त्यावरून बोट कुठे आहे हे ओळखलं जातं. चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवा. ती वाटच नसेल तर तो लॅपटॉपच्या अंगात राहतो, आणि ट्रॅकपॅडला खरं बोट कुठलं, खोटं कुठलं हे कळेनासं होतं. धातूच्या बॉडीवरून हात फिरवताना झिणझिण्या येत असतील, तर तीही याच दुखण्याची खूण. लाइट गेल्यावर जुन्या, साध्या इन्व्हर्टरवर पंखा घुं घुं करतो, तेव्हाही कर्सर असाच बिथरू शकतो.

विजेचा गोंगाट नाजूक यंत्राला कसा नडतो, याचा मोठा दाखला आमच्याच तालुक्यात उभा आहे. मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे तिथले संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं, आणि १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी केली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुनी मालिका तुटली नाही. ट्राम १९०७ मध्ये धावली. जागा बदलून, ताडून बघायची ती पद्धत मला फार मोलाची वाटते. आपल्यालाही तेच करायचंय: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

चार्जर काढून बघा, मग दुसऱ्या घरी लावून बघा. फरक पडला तर परवानाधारक वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट दिसतात, जवळपास तेवढेच फेज आणि अर्थमध्ये दिसायला हवेत. आमच्याकडच्या जुन्या घरांत प्लगला तिसरं भोक असतं, पण त्यामागे तारच नसते. कुठे तार असते, पण खाऱ्या हवेने अर्थिंगच्या खड्ड्याजवळचा जोड गंजून गेलेला असतो. वाळूची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावं लागतं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर ज्यांनी घाईत वायरिंग जोडून घेतली, त्यांनी तर हे मुद्दाम तपासावं. चार्जरची तिसरी, जाड पिन तोडून तो दोन भोकांच्या बोर्डात खुपसू नका. प्रश्न कर्सरपुरता नाही. त्याच अर्थिंगच्या तारेवर गिझर आणि विहिरीचा पंपही असतो.

चार्जर काढूनही ट्रॅकपॅड बिघडलेलाच असेल, तर लॅपटॉप सपाट फरशीवर ठेवा. तो डुगडुगतोय का? ट्रॅकपॅडची एक कड वर आलीय, क्लिक कडक झालाय? मग खालची बॅटरी फुगलेली असू शकते. इथे अजिबात वेळ काढू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका, वर आलेली कड दाबून बसवू नका, बॅटरीला टोचू नका. तिला आग लागू शकते. सर्व्हिस सेंटरमध्येच द्या. जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका.

माउसची दुखणी त्यामानाने साधी. चाक खाली फिरवलं की पान खाली जाता जाता वर उसळतं, तेव्हा चाकाच्या आतली धूळ किंवा काळवंडलेले संपर्क कारण असतात. एका क्लिकचे दोन होणं हेही बहुधा आतल्या बटणाचंच. माउस काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघावा. खोबरेल, रॉकेल, अत्तर यातलं काही घालू नका. काचेच्या टेबलावर कर्सर अडखळत असेल तर खाली पुठ्ठा ठेवा, आणि माउस उलटा करून प्रकाशाच्या भोकात केस अडकलाय का ते बघा. बिनतारी माउसचा रिसीव्हर निळ्या यूएसबीत, हार्ड डिस्कच्या शेजारी असेल तर दुसऱ्या बाजूला लावा. माउस ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतो, त्यांतच निळ्या यूएसबीचा गोंगाट मिसळतो. एक्सेलमध्ये बाणाच्या बटणांनी चौकट न सरकता सगळी शीटच सरकत असेल, तर स्क्रोल लॉक दाबला गेलाय, बाकी काही नाही.

आमच्याकडे जूनपासून भिंतींना घाम सुटतो. ओल्या बोटाने ट्रॅकपॅड वेडावाकडा चालतो. हात आणि पॅड सुती कपड्याने कोरडे करा, आणि लॅपटॉप खिडकीच्या झडीपासून लांब ठेवा.

इतकं करून दुकानात जायची वेळ आलीच, तर कागदावर लिहून न्या: चार्जर लावून काय होतं, काढून काय होतं, दुसऱ्या घरी काय झालं, बाहेरचा माउस लावला तर काय. दुरुस्तीवाल्याला त्याच्या टेबलावर चार्जर लावून, तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा. बिघाड तिथे दिसलाच नाही, तर कुठलाही भाग बदलायला होकार देऊ नका.