माळ्यावर सापडलेली बेसबॉल कार्डं

प्रश्न : न्यू जर्सीत घेतलेल्या जुन्या घराच्या माळ्यावर बेसबॉलपटूंच्या कार्डांचा डबा सापडला. साफसूफ करून लिलावात द्यावीत का?

उत्तर : साफसूफ मुळीच नको; कार्डात केलेला कोणताही बदल अंगाशी येऊ शकतो. सिगारेटच्या पाकिटातून १९०९ ते १९११ या काळात आलेलं होनस वॅग्नरचं कार्ड म्हणजे या छंदाचा मुकुटमणी. त्याची सर्वांत गाजलेली प्रत २००७ मध्ये २८ लाख डॉलरला विकली गेली. पुढे २०१३ मध्ये तिच्या कडा कापल्याची कबुली लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी न्यायालयात दिली. खोट्या बोलींनी भाव फुगवल्याचंही त्यांनी मान्य केलं आणि तुरुंगवास भोगला.

म्हणून आधी पारख. पीएसए, एसजीसी अशा कंपन्या कार्ड तपासून १० पैकी श्रेणी देतात आणि ते सीलबंद करतात. टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं मिकी मँटलचं एक कार्ड १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला गेलं होतं. तेच कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये हेरिटेजच्या लिलावात १ कोटी २६ लाखांना गेलं, तेव्हा त्यावर ९.५ श्रेणी होती. (त्याच मालिकेची न खपलेली खोकी टॉप्सने १९६० मध्ये समुद्रात बुडवली होती!)

मात्र १९८०च्या दशकाच्या अखेरची कार्डं भरमसाट छापली गेली. त्यातल्या बहुतेकांच्या किमतीतून श्रेणीचा खर्चही निघत नाही.

लिलावात बोलीवर खरेदीदाराला अधिभार पडतो, विकणाऱ्याकडून कमिशन कापलं जाऊ शकतं. करारावर सही करण्यापूर्वी दोन्ही आकडे लेखी मागून घ्यावेत.