एनॅमलचे जुने डबे : पारख आणि वापर

कीड आणि ओल यांपासून धान्य राखण्यात आमची हयात गेली. म्हणूनच की काय, उतारवयात आम्हांस जुने एनॅमलचे डबे जमविण्याचा नाद लागला.

या डब्यांची खाण म्हणजे तमिळनाडूतील कारैकुडी व भोवतालचा चेट्टिनाड प्रदेश. तेथील नाट्टुकोट्टै चेट्टियार सावकारांच्या पेढ्या ब्रह्मदेश, मलाया व सिलोन येथे चालत. मुलीच्या लग्नात तिच्याबरोबर डबे, टोप, टिफिन यांच्या राशी देण्याची त्यांची रीत. स्वीडन, जपान, चेकोस्लोव्हाकिया येथून आलेला माल वाड्यांच्या कोठ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिला. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला आणि तेथील व्यवहार कोसळला. पुढे अनेक वाडे ओस पडले, व कोठ्यांतील भांडी कारैकुडीच्या मुनीश्वरन कोविल रस्त्यावरील दुकानांत आली.

एनॅमल म्हणजे लोखंडी पत्र्यावर सुमारे ८०० अंश उष्णतेत वितळवून बसविलेली काच. एवढे ध्यानी धरले की पारख सोपी होते. काच हाताला गार लागते आणि नखाला दाद देत नाही. आम्ही मात्र पहिल्या खेपेस बुडावरील ‘स्वीडन’ हा शिक्का वाचूनच भाळलो व निळ्या काठाचा एक डबा घेऊन आलो. घरी गरम पाण्याने धुताच काठाचा रंग पोपड्यासारखा सुटला आणि खाली गंज दिसला. टवक्यावर कोणीतरी तेलरंग चोपडला होता. दुकानदारास काय बोल लावावा? पोत्याच्या तळापर्यंतचा नमुना पाहिल्याखेरीज आम्ही गहू घेत नाही. येथे काठावरून नखसुद्धा फिरविले नाही! टवका बहुधा काठाला, बुडाला किंवा कडीच्या सांध्यापाशी असतो. तेथे आधी पाहावे, शिक्का मागाहून.

टवका उडालेल्या डब्यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत. काचेचे कण अन्नात उतरतात. त्याहून लबाड धोका रंगाचा. जुन्या लाल, पिवळ्या, नारिंगी मुलाम्यात कॅडमियम किंवा शिसे असू शकते, आणि आंबट पदार्थाने ते सुटते. डबा दिसावयास धड असला तरी चिंच, ताक, लोणचे त्यात घालू नये. आमच्या सौभाग्यवतींनी एका सुरेख पिवळ्या डब्यात लिंबाचे लोणचे घालावयास घेतले होते. आम्ही अडविले, तेव्हा “मग आणलात कशाला?” असा रोकडा सवाल आला. हल्ली त्या डब्यात सुतळी आणि दाभण असतात.